एनपीटीमध्ये बॉक्स आधी कलतो, मग फुटतो: पाण्यातल्या सेल्युलोज स्फटिकाला प्रेशर कपलिंग कसं द्यायचं?

ताणाबाणा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. सुती टॉवेलच्या धाग्यावर रिॲक्टिव्ह रंगाचा रेणू कसा बसतो हे सिम्युलेशनमध्ये बघायचं आहे. रंग अजून घातलेलाच नाही. नुसता सेल्युलोज आणि पाणी, एवढ्यातच, एनपीटीमध्ये (तापमान आणि दाब स्थिर, बॉक्सचं माप मोकळं), गाडी अडली आहे.

सिस्टिम अशी आहे: सेल्युलोज वन-बीटाचा स्फटिक, ३६ साखळ्या, झेड दिशेला अखंड. म्हणजे साखळीचं शेवटचं टोक बॉक्सच्या सीमेपलीकडे पहिल्या टोकाला जोडलेलं. एकक पेशीची सी-बाजू १.०३८ नॅनोमीटर, अशा ६ घेतल्या, म्हणून झेड ६.२२८. एक्स आणि वाय ७.० प्रत्येकी. भोवती पाण्याचे साधारण ७,८०० रेणू, टीआयपी३पी मॉडेलचे. फोर्स-फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) चार्म-३६, बलं मोजायची मर्यादा म्हणजे कटऑफ १.२, फोर्स-स्विच १.० पासून. प्रोग्रॅम ग्रोमॅक्स, पायरी २ फेम्टोसेकंद. पीरियॉडिक-मॉलिक्यूल्स 'यस' आहे, सीमेवरचे बंध टोपॉलॉजीत हाताने घातले आहेत आणि तपासलेत.

मिनिमायझेशन आणि १०० पिकोसेकंद एनव्हीटी (घनफळ आणि तापमान स्थिर) निर्धोक जातं. पुढचे दोन प्रयत्न:

पहिला: आयसोट्रॉपिक (तिन्ही बाजू एकाच पटीने), बॅरोस्टॅट (दाब राखणारी पद्धत) बेरेंडसन, टाऊ-पी (दाब जुळवायचा काळ) ५ पिकोसेकंद, कॉम्प्रेसिबिलिटी (दाबाने आक्रसण्याचं प्रमाण) ४.५ई-५ प्रति बार. रन पूर्ण होतो, सरासरी दाब १ बार येतो. पण पाण्याची घनता सव्वादोन-अडीच टक्के कमी राहते, कितीही चालवा.

दुसरा: अॅनआयसोट्रॉपिक (प्रत्येक बाजू आणि कल स्वतंत्र), बॅरोस्टॅट पॅरिनेलो-राहमान, टाऊ-पी ५, सहाही ठिकाणी ४.५ई-५. तापमान राखायला नोझे-हूवर थर्मोस्टॅट, टाऊ-टी १. इथे आधी 'प्रेशर स्केलिंग १ टक्क्याहून जास्त' अशी तंबी, मग लिंक्सच्या (बंधांची लांबी कायम राखणारा भाग) वॉर्निंगची रांग, आणि शेवटी बॉक्सची वाय-बाजू डोमेन डिकम्पोझिशनला (बॉक्सची प्रोसेसरांत वाटणी) पुरत नाही म्हणून रन बंद. शेवटच्या फ्रेममध्ये बॉक्स कललेला आणि वाय ६.२ वर आलेला.

कॉम्प्रेसिबिलिटी चुकली की बॅरोस्टॅट चुकला? की स्फटिकच चुकीचा बांधला आहे?

कडक_भाकरी

स्फटिक ठीक दिसतोय. दोन्ही रनचं दुखणं वेगळं आहे.

पहिल्या रनपासून. सरासरी दाब १ बार आला याचा अर्थ एक्सएक्स, वायवाय, झेडझेड (त्या-त्या दिशेचे दाब) या तिघांची बेरीज भागिले तीन १ आली, एवढाच. जीएमएक्स एनर्जीतून प्रेस-एक्सएक्स, प्रेस-वायवाय, प्रेस-झेडझेड वेगवेगळे काढा. माझा अंदाज सांगतो: एक्सएक्स आणि वायवाय उणे ४०० च्या आसपास, झेडझेड अधिक ८००.

कसा काढला ते बघा. सॉल्व्हेट कमांड पाणी ओतते तेव्हा स्फटिकाच्या कडेने पोकळ्या राहतात, त्यामुळे पाणी तीन-साडेतीन टक्के विरळ असतं. ते भरून यायला बॉक्स आक्रसायला हवा. आयसोट्रॉपिकमध्ये तिन्ही बाजू एकाच पटीने आक्रसतात, म्हणजे झेडही. पण झेडमध्ये अखंड साखळी आहे. सेल्युलोज स्फटिकाचा साखळीच्या दिशेचा यंग मापांक क्ष-किरणांनी मोजलेला १३८ गिगापास्कल आहे, पाण्याचा घन मापांक २.२. एका साखळीचा छेद सुमारे ०.३२ चौरस नॅनोमीटर, ३६ साखळ्यांचा ११.४, तुमच्या बॉक्सचा ४९. म्हणजे छेदाच्या साधारण २३ टक्के जागेत पोलादाच्या जातीचं काहीतरी उभं आहे. बाजू ०.४ टक्का आक्रसली की साखळी झेडझेडमध्ये बाराशे बारची भर घालते. त्याला तोलायला पाणी ताणलेलंच राहतं, उणे ४०० बारवर. बेरीज जुळते, बॅरोस्टॅट समाधानी, आणि पाणी काही घट्ट होत नाही. कितीही नॅनोसेकंद चालवा, हा तोलच आहे, तो सुटणार नाही.

दुसऱ्या रनमध्ये तीन चुका एकत्र आल्या.

एक, बॉक्सचा कल ठरवणाऱ्या तिरक्या घटकांना मोकळं सोडलंत. पाणी कातर बलाला विरोध करत नाही. स्फटिक करतो, पण तो पाण्यात तरंगतोय, बॉक्सच्या भिंतीला टेकलेला नाही. त्यामुळे एक्सवाय प्रतलात बॉक्स कलला काय न कलला काय, ऊर्जेला फरक पडत नाही, आणि तो भरकटतो. एक्स आणि वाय स्वतंत्र ठेवण्याचंही तेच: एक वाढते, दुसरी घटते, क्षेत्रफळ तेच. वाय ६.२ वर आली ती अशी.

दोन, झेडला ४.५ई-५. ग्रोमॅक्समध्ये कॉम्प्रेसिबिलिटी आणि टाऊ-पी सुटे नाहीत. बेरेंडसन आणि सी-रिस्केल (आणखी एक बॅरोस्टॅट) यांच्या सूत्रात त्यांचं गुणोत्तरच येतं, पॅरिनेलो-राहमानमध्ये बॉक्सचं वस्तुमान टाऊचा वर्ग भागिले कॉम्प्रेसिबिलिटी असं ठरतं. तुमच्या झेडचा खरा ताठरपणा: ०.२३ गुणिले १३८, अधिक ०.७७ गुणिले २.२, म्हणजे ३४ गिगापास्कलच्या आसपास. उलटा केला की ३ई-६ प्रति बार. तुम्ही पंधरा पट मऊ सांगितलंत. मग बेरेंडसनमध्ये लिहिलेला टाऊ-पी ५ असला तरी झेडमध्ये प्रत्यक्षात ०.३३ पिकोसेकंद होतो. पॅरिनेलो-राहमानमध्ये झोक्याचा काळ वर्गमुळाने कमी होतो, ५ चा १.३.

तीन, हा १.३ तुमच्या नोझे-हूवरच्या १.० ला जवळजवळ जाऊन भिडला. दोन्ही झोके एकाच लयीत आले की एक दुसऱ्याला ढकलत राहतो.

दाबाच्या हेलकाव्याने बॉक्स फुटतो असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. ३०० घन नॅनोमीटर पाण्यात समतोलातला घनफळाचा हेलकावा ०.२५ टक्का असतो. ७ नॅनोमीटरच्या बाजूला त्याचे ०.००६ होतात. ७.० वरून ६.२ हा हेलकावा नव्हे, ही घसरण आहे.

उजनी_बॅकवॉटर

वरच्या हिशेबाशी सहमत. फक्त बॅरोस्टॅटचा क्रम सांगतो, कारण तोही चुकला आहे.

एनव्हीटीनंतर लगेच पॅरिनेलो-राहमान देऊ नका. १९८०-८१ ची ती पद्धत घन पदार्थातली रचनांतरं बघायला आली. बॉक्सला स्वतःचं वस्तुमान आणि वेग असतो, समतोलापासून लांब सोडला की मोठे झोके घेतो. एनव्हीटी संपताना तुमचा दाब उणे पाच-सहाशे असणार, तिथून सोडलात तर झुलणारच. (जाता जाता: यातले अनीसुर राहमान हैदराबादचे. १९६४ मध्ये ८६४ आरगॉन अणूंचं द्रव सिम्युलेट करणारे तेच. सोलापूर स्टेशनवरून गाडीत बसलं की त्यांचं गाव.)

बेरेंडसन १९८४ पासून चालत आला, दाब हळुवार आणतो, पण घनफळाचे हेलकावे दाबून टाकतो. त्याच्या ट्रॅजेक्टरीतून कॉम्प्रेसिबिलिटी काढलीत तर चुकीची येईल. २०२० चा बर्नेटी-बुसींचा सी-रिस्केल म्हणजे बेरेंडसनमध्ये बेतशीर यादृच्छिक भर घातलेला. तेवढाच समंजस आणि हेलकावे बरोबर. ग्रोमॅक्स २०२१ पासून आहे. आता समतोलालाही तोच, प्रॉडक्शनलाही तोच चालतो.

मी असं लिहीन:

पीकपलटाइप: सेमीआयसोट्रॉपिक
पीकपल: सी-रिस्केल
टाऊ-पी: ५
रेफ-पी: १.० १.०
कॉम्प्रेसिबिलिटी: ४.५ई-५ ३ई-६
टीकपल: व्ही-रिस्केल, टाऊ-टी ०.१

सेमीआयसोट्रॉपिकमध्ये पहिला आकडा एक्सवायचा, दुसरा झेडचा. हे उलटं लिहिणारे कमी नाहीत, आणि ग्रॉम्प (रनची इनपुट फाइल बनवणारी कमांड) काही बोलत नाही.

नंतर पॅरिनेलो-राहमानच हवा असेल तर टाऊ-पी निदान एनएसटीपीकपल (दाब किती पायऱ्यांनी जुळवायचा) गुणिले पायरी याच्या २० पट हवा. १० गुणिले ०.००२ गुणिले २०, म्हणजे ०.४ पिकोसेकंद. तुमचा ५ त्यात बसतो.

डिस्पर्शन करेक्शन (कटऑफपलीकडच्या आकर्षणाची भरपाई) चालू असेल तर बंद करा. ते सगळीकडे सारखी घनता गृहीत धरतं, तुमची सिस्टिम तशी नाही, आणि चार्म-३६ ला ते मुळात नको.

रूपाभवानी_चौक

एवढा घोळ कशाला? झेडची कॉम्प्रेसिबिलिटी शून्य करा. ६.२२८ स्फटिकाचंच माप आहे, गोठवून टाका आणि फक्त एक्सवाय मोकळं ठेवा. एक काळजी कमी.

कडक_भाकरी

@रूपाभवानी_चौक, मोह होतो खरा, पण १.०३८ हे प्रयोगातलं माप आहे, फोर्स-फील्डचं नव्हे. फोर्स-फील्डची साखळी अर्धा टक्का लांब बसत असेल तर गोठवलेल्या झेडमध्ये ती ०.५ टक्का दाबलेली राहील. १३८ गिगापास्कल गुणिले ०.००५ म्हणजे साखळीत ६,९०० बार. रंगाचा रेणू बसवायचा त्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांचं वळण आणि बंधजाळं यावर त्याचा परिणाम होतो, आणि तोच तर अभ्यासाचा विषय.

पण समतोलाच्या पहिल्या टप्प्यात गोठवणं अगदी योग्य. कारण पोझिशन रिस्ट्रेंट, म्हणजे अणूंना जागेवर धरणाऱ्या खुंट्या. तिथे हमखास फसगत होते. रेफकोऑर्ड-स्केलिंग 'कॉम' ठेवलं तर बॉक्स बदलताना रिस्ट्रेंटच्या खुंट्या एकमेकींपासून तितक्याच अंतरावर राहतात, फक्त मधला बिंदू सरकतो. पाण्यातल्या प्रथिनाला हेच हवं. पण साखळी सीमेपलीकडे जोडलेली असेल आणि झेड बदलत असेल, तर खुंट्या जुन्या लांबीला आणि सीमेवरचा बंध नव्या लांबीला. सगळा ताण त्या एका बंधावर. 'ऑल' ठेवलं तर खुंट्या बॉक्सबरोबर सरकतात, पण मग एक्सवायमध्ये पाण्याबरोबर स्फटिकही दाबला जातो. म्हणून:

टप्पा १, ५०० पिकोसेकंद: झेडची कॉम्प्रेसिबिलिटी ०, स्फटिकाच्या जड अणूंवर रिस्ट्रेंट १००० किलोजूल प्रति मोल प्रति चौरस नॅनोमीटर, 'कॉम'. पाणी एक्सवायमधूनच घट्ट होईल. सव्वातीन-साडेतीन टक्के पाणी भरून यायचं तर बाजू ७.०० वरून ६.९० च्या आसपास यायला हवी. ६.७ वर आली तर स्फटिकाच्या आत पोकळी होती किंवा पाणी कमी पडलं, ते आधी बघा.

टप्पा २, २ ते ५ नॅनोसेकंद: रिस्ट्रेंट काढा, झेडला ३ई-६.

टप्पा १ संपला की टप्पा २ साठी ग्रॉम्प नव्याने करा. पीएमईची (लांब पल्ल्याच्या विद्युत बलांचा हिशेब) जाळी आणि डोमेनच्या पेशी रन सुरू होताना ठरतात. बॉक्स दीड टक्का बदलल्यावर जुन्यावरच ओढत राहण्यात अर्थ नाही.

आणि स्वतःच्या प्रतिमेशी अंतर बघायला जीएमएक्स मिनडिस्ट -पीआय वापरू नका. झेडमध्ये साखळी आपल्याच प्रतिमेला चिकटलेली आहे, तो नेहमी एका बंधाएवढं अंतर सांगेल आणि तुम्ही घाबराल. एक्सवायमधली स्फटिकाची सर्वात मोठी रुंदी काढून बॉक्सच्या बाजूतून वजा करा. रंगाचा रेणू दीड-दोन नॅनोमीटर लांब असेल तर उरलेली जागा तीनच्या खाली जाऊ देऊ नका.

ताणाबाणा (सोलापूर)

@कडक_भाकरी, जुन्या रनमधून काढले: एक्सएक्स उणे ४०५, वायवाय उणे ३९८, झेडझेड अधिक ८०६. तीन भागिले तीन, बरोबर १. अंदाज इतका बसला की हसू आलं.

दोन्ही टप्पे केले. एक्सवाय ६.९१ वर थांबलं. टप्पा २ मध्ये झेड ६.२४ वर स्थिर. तिन्ही दिशांचे दाब (एक्सएक्स, वायवाय, झेडझेड) आता अनिश्चिततेच्या मर्यादेत १ बारशी जुळतात. स्फटिकापासून दूरच्या पाण्याची घनता टीआयपी३पीच्या नेहमीच्या आकड्यावर आली.

आता दोन गोष्टी राहिल्या. एक, दर काही पायऱ्यांचा दाब बघितला तर तो अजूनही उणे १०० ते अधिक १०० असा उड्या मारतो, झेडझेड तर त्याहून जास्त. दोन, इथे दुपारी वीज जाते. तेव्हा शेवटची ग्रो फाइल घेऊन, जेन-व्हेल 'यस' करून पुन्हा ग्रॉम्प करते. दर वेळी पुढचे १०-२० पिकोसेकंद बॉक्स हेलकावतो. पुन्हा तोच आजार का?

उजनी_बॅकवॉटर

पहिलं: २१६ पाण्याच्या बॉक्समध्ये दाबाचा हेलकावा ५०० ते ६०० बार असतो, आणि तो रेणूसंख्येच्या वर्गमुळाने घटतो. ७,८०० ला तो ९०-१०० येतो. तुमचा आकडा तोच. झेडझेडमध्ये ताठ साखळी आहे म्हणून जास्त. टाऊ-पी कमी करून ते सपाट करायला जाऊ नका. बघायचीच तर सरासरी बघा, आणि रनचे ब्लॉक पाडून काढलेली अनिश्चितता तिच्याशेजारी ठेवा. ४ अधिक-उणे ५ हे १ बारशी पूर्ण सुसंगत आहे.

दुसरं: ताई, हे मात्र थांबवा. ग्रो फाइलमध्ये जागा तीन दशांश, वेग चार दशांश, आणि शेवटच्या ओळीत बॉक्स. एवढंच. बॅरोस्टॅट आणि थर्मोस्टॅटची अवस्था त्यात नसते. वर जेन-व्हेल 'यस' म्हणजे वेगही नव्याने फासे टाकून. दर वीजकपातीनंतर तुम्ही नवं सिम्युलेशन सुरू करता, जुनं पुढे नेत नाही. ते १०-२० पिकोसेकंद त्याचेच.

ग्रॉम्प करायचंच नाही. त्याच टीपीआर (ग्रॉम्पने बनवलेल्या) फाइलवर एमडीरनला (रन चालवणारी कमांड) -सीपीआय स्टेट.सीपीटी ही चेकपॉइंट फाइल द्या, तो आहे तिथून पुढे जातो आणि जुन्याच फाइलींना जोडून लिहितो. चेकपॉइंट मुळात दर १५ मिनिटांनी लिहिला जातो, -सीपीटी ५ करा. लिहिताना नेमकी वीज गेली आणि फाइल अर्धवट राहिली तर शेजारी स्टेट_प्रीव्ह.सीपीटी असते, तिच्यावरून उठवा. टप्पा बदलताना ग्रॉम्प लागतोच, तेव्हा -टी ने चेकपॉइंट द्या, जेन-व्हेल 'नो', कंटिन्युएशन 'यस'.

उन्हाळ्यात खोली बेचाळीसला गेली की जीपीयू आपला वेग उतरवतो. रन लांबतो, बॉक्स फुटत नाही. त्याचं खापर उन्हावर नको.

कडक_भाकरी

एक राहिलं. पुढे हेच मोठं करणार असाल, २०-३० नॅनोमीटरचा बॉक्स किंवा कोर्स-ग्रेन (अनेक अणूंचा एक मणी), तर शेजार-यादीचा (जवळच्या अणूंच्या जोड्यांची यादी) बफर बघा. ग्रोमॅक्स यादीची त्रिज्या ऊर्जेच्या सहनशीलतेवरून आपोआप ठरवतो, ०.००५ किलोजूल प्रति मोल प्रति पिकोसेकंद. ऊर्जेला ते पुरतं. पण दोन यादी-नूतनीकरणांच्या मधे काही जोड्या निसटतात आणि दाबात बारीक, एकतर्फी चूक येते. किम, फाबियान आणि हुमर यांनी २०२३ मध्ये दाखवलं की मोठ्या पटल-सिस्टिममध्ये (मेम्ब्रेन) यामुळे बॉक्स वेडावाकडा होतो आणि पटलाला सुरकुत्या पडतात, भौतिक कारण काही नसताना. २०२४ च्या आवृत्तीपासून दाबासाठी वेगळी सहनशीलता आहे, मुळात ०.५ बार. त्याआधीची आवृत्ती असेल तर व्हर्ले-बफर-टॉलरन्स उणे १ करून आरलिस्ट (यादीची त्रिज्या) हाताने द्या. कटऑफ १.२ ला १.३५ पासून सुरू करा, एनएसटीलिस्ट (यादी किती पायऱ्यांनी नवी करायची) २०. बफर आपोआप ठरू दिला असेल तर एमडीरन जीपीयूवर एनएसटीलिस्ट स्वतःच वाढवतो, तेव्हा लॉग फाइलच्या सुरुवातीला प्रत्यक्ष कोणते आकडे धरले ते वाचा.

तुमच्या आजच्या बॉक्सला याची गरज नाही. रंग घालताना मात्र त्याच्या ऋण प्रभाराइतके सोडियम आयन घाला आणि टप्पा १ पुन्हा करा, टप्पा २ वरून पुढे ढकलू नका. रेणू घुसवताना पाणी काढलं जातं आणि एक्सवाय पुन्हा सैल होतं.